दिराला ठेवायचं कुठे

"या खुर्चीवर बसलं की माणूस आपोआप पुढे घसरतो," नणंद माझ्या कानाशी कुरकुरली. "वकीलबाईंनी मुद्दाम ठेवली असणार, लवकर उठावं म्हणून."

उठायची घाई आम्हालाही होतीच. धाकटा दीर तुरुंगात होता. लिफ्टची देखभाल हे त्याचं काम. आमच्याच इमारतीतली लिफ्ट कोसळली आणि खालच्या मजल्यावरचे मास्तर कायमचे लंगडे झाले. लिफ्ट न तपासताच सही ठोकली, असं म्हणून कोर्टाने शिक्षा दिली. अपील केलं होतं. पण ते सुनावणीला येईपर्यंत शिक्षाच भोगून संपायची. म्हणून तोवर जामीन हवा होता.

"मिळेल," वकीलबाई म्हणाल्या. "खटल्यात एकही तारीख चुकवली नाही त्यांनी. पण मास्तरांची हरकत आहे, रोज जिन्यात त्यांचं तोंड बघावं लागेल म्हणून. दुसरा पत्ता द्या."



"आमच्याकडे नाही जमणार," नणंद म्हणाली. "पाचवा मजला, सासूबाईंचे गुडघे..."

"लिफ्ट आहे ना?" माझा नवरा बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

मी मात्र धाकट्या जावेकडे बघत होते. खटला चालू असताना नवऱ्यासाठी अख्ख्या इमारतीशी भांडलेली बाई, आज पर्सच्या पट्ट्याला पीळ घालत बसलेली. तिच्या माहेरी आई एकटी, वरची खोली रिकामी. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग बोलत का नाही ही? नसत्या चौकशा करायची माझी खोड जुनीच.

"अगं, तुझ्या माहेरची वरची खोली?"

"आहे की."

"मग?"

"आई विचारेल, ताई."

"आई काय विचारणार? जावई आहे तिचा."

"तेच विचारेल, जे तुम्ही कुणी मला कधी विचारलं नाहीत."

नणंद खुर्चीवरून घसरली तरी सावरेना. नवरा छताकडे बघू लागला, जणू तिथे गळती होती. वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं.

जावेने पट्टा सोडला. "लिहा माझ्या माहेरचा पत्ता. मी नेते त्यांना. पण आईशी खोटं नाही बोलणार. यांनी लिफ्ट तपासली नव्हती. सही केली त्या दुपारी घरी झोपले होते. पांघरूण मीच घातलं होतं."