दुसरं बटण

“ती वायर तशीच राहू द्या, मिस्त्री. तिला हात लावू नका.”

मॅनेजर वाकून बोलत होते. मिस्त्री प्रेसच्या बाजूच्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून उकिडवे बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“साहेब, यंत्र परक्या मुलखात चाललंय. मूळचं होतं तसं करून देतो.”

“मूळचं कोणी मागितलंय? चालतंय तसं द्यायचं. तासाला अकराशे नग, हा आकडा वर कळवून झालाय. उद्या तिकडून येणाऱ्या पाहुण्यासमोर चाचणी आहे. आठशे निघाले तर उत्तर कोण देणार, तुम्ही?”

मिस्त्रींनी हात बाहेर काढला, चिंधीला पुसला आणि पेटीचं झाकण लावलं. एकतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी कुठल्याच साहेबाला उलट उत्तर दिलं नव्हतं. उलट उत्तरं द्यायला घरी बायको आहे, ती दोघांच्या वाटची देते, असं ते म्हणत.

कारखान्यात मोटारींच्या दारांच्या बिजागऱ्या बनत. चार प्रेस होत्या. त्यातली सगळ्यात मोठी, दोन माणसांच्या उंचीची, तिला सगळे थोरली म्हणत. तिचा वरचा ठोकळा खाली आला की जाड पोलादी पट्टी पुठ्ठ्यासारखी वाकायची. ठोकळा खाली आणायला समोर दोन बटणं होती, एकमेकांपासून हातभर लांब. दोन्ही एकदम दाबली तरच ठोकळा हलायचा. म्हणजे काम करणाऱ्याचे दोन्ही हात बटणांवर, आणि ठोकळ्याखाली पट्टीशिवाय काही नाही. यंत्र बनवणाऱ्याने एवढा विचार केला होता.

पंधरा वर्षांपूर्वी बिजागऱ्यांची मागणी वाढली. एका हाताने पट्टी सरकवायची आणि दुसऱ्याने बटण दाबायचं, तर तासाला तीनशे नग जास्त निघतात, असा शोध वरच्या कोणाला तरी लागला. वीतभर वायर जोडली की डावं बटण कायमचं दाबल्यासारखं होत होतं. ती वायर मिस्त्रींनी जोडली. हुकूम साहेबांचा, हात मिस्त्रींचे.

थोरलीवर तेव्हा अक्का काम करायच्या. तीन वर्षांनी एका दुपारी त्यांच्या डाव्या हाताची चार बोटं गेली. चौकशी झाली. ‘कामगाराचा निष्काळजीपणा’ असा निष्कर्ष निघाला, आणि ‘यंत्र सुस्थितीत होते’ या ओळीखाली मिस्त्रींची सही होती. चौकशीपुरती वायर काढून ठेवली होती. चौकशीचे लोक फाटकाबाहेर पडले तशी ती पुन्हा लागली. तीही मिस्त्रींनीच लावली.

अक्कांना मग स्टोअरमध्ये बसवलं, नटबोल्ट काढून द्यायला. मिस्त्री चिठ्ठी घेऊन गेले की त्या म्हणायच्या, “बसा मिस्त्री, शोधून देते.” आवाजात कडवटपणा नाही, टोमणा नाही. त्यांनी चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मिस्त्रींना बारा वर्षं वाटत आलं होतं.

आणि आता कारखाना बंद होत होता. कंपनीची मुख्य कचेरी सातासमुद्रापार होती; तिथल्या कोणी हा कारखाना डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. त्यांना आणखी कुठल्या मुलखात याहून स्वस्त माणसं सापडली होती. तिथे पाळी बारा तासांची, आणि युनियनचं नाव काढलं की दुसऱ्या दिवशी घरी. यंत्रं तिकडे जाणार होती. इथली दोनशे माणसं कुठे जाणार, ते नोटिशीत लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी फाटकाबाहेर युनियनची सभा होती. सेक्रेटरीला सगळे पुढारी म्हणत. गल्लीच्या निवडणुकीत तो तीनदा आपटला होता, तरी नाव चिकटलं ते चिकटलं. एरवी मिस्त्री अशा सभेच्या कडेने खाली मान घालून निघून जात. मागच्या संपात ते मागच्या दाराने कामावर गेले होते, आणि ते कोणी विसरलं नव्हतं. आज पुढाऱ्यानेच त्यांना अडवलं.

“मिस्त्री, जरा थांबा. उद्या चाचणी तुमच्या हातात आहे. एक पाना आत पडू द्या. चुकून. थोरली जागची हलणार नाही.”

“यंत्राने काय गुन्हा केलाय?”

“यंत्राने नाही केला. पण आपल्या पोटावर पाय देऊन चाललंय ना ते?”

मागून कोणीतरी ओरडलं, “तिकडचे अर्ध्या पगारात राबतात म्हणून आपल्यावर ही पाळी आली! जाऊ दे यंत्र तसंच. तुटू देत त्यांचीपण बोटं!”

“कोण बोललं ते?”

अक्का ताडपत्रीवर पुढेच बसल्या होत्या. त्या उठल्या नाहीत, नुसत्या वळल्या. “समोर ये की. बोटं कशी तुटतात ते मला विचार, मग बोल. वैऱ्यावरही ही वेळ येऊ नये, आणि ते आपले वैरी कधीपासून झाले? त्यांनाही कोणीतरी सांगितलंच असेल, परवडत नसेल तर चालते व्हा, तुमच्यापेक्षा स्वस्त दुसरे रांगेत आहेत. हेच ऐकत आलो ना आपण?”

कोणी पुढे आलं नाही. पुढाऱ्याने घसा खाकरला. “अक्का बरोबर बोलतात. यंत्राला पासपोर्ट लागत नाही, पैशाला व्हिसा लागत नाही. नाक्यावर अडवतात ते माणसाला. उद्या तिकडच्यांनी पगार वाढवून मागितला की थोरली निघाली तिसरीकडे. आपण मात्र एकमेकांना शिव्या देत बसायचं.”

पान्याची गोष्ट मग कोणी काढली नाही. लोक पांगू लागले. मिस्त्री अक्कांच्या पुढ्यात उभे राहिले. काय करावं न सुचून खाली बसले.

“अक्का, ती वायर कोणी लावली होती, तुम्हाला माहीत आहे?”

“मिस्त्री, आख्ख्या कारखान्यात थोरलीची पेटी उघडणारा माणूस एकच होता. माझी बोटं गेली, डोकं नाही गेलं.”

“मग इतक्या वर्षांत कधी बोलला नाहीत?”

“तुम्ही बोलाल म्हणून वाट बघत होते,” अक्का म्हणाल्या आणि पायात चप्पल सरकवून निघाल्या.

घरी जेवताना मिस्त्रींनी बायकोला सगळं सांगितलं. वायर, सही, सगळं. तिने हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“हे आज सांगताय? अक्का मला बाजारात भेटतात, थांबून चौकशी करतात. माझ्या तोंडाकडे बघून काय वाटत असेल त्यांना?” तिने पातेलं पुन्हा उचललं. मग म्हणाली, “उद्या काय करणार?”

“बघतो.”

“बघत तर बारा वर्षं आलात.”

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहुणा आला. नव्या कारखान्यातला फिटर. मिस्त्रींना वाटलं होतं, टाय लावलेला कोणी असेल. हा पन्नाशीचा, बसका गडी, आणि नखांच्या कडांना न जाणारं काळं ग्रीस. मिस्त्रींनी स्वतःच्या नखांकडे पाहिलं. भाषा एकमेकांची कळत नव्हती. पाहुणा फोनमध्ये बोलायचा, फोन अडखळत भाषांतर करायचा, आणि ते भाषांतर ऐकून दोघेही मान हलवायचे.

मॅनेजर होते, कंपनीचे आणखी दोन अधिकारी होते, घड्याळ घेऊन. मिस्त्रींनी पेटी उघडली. पाहुण्याने आत डोकावून पाहिलं आणि त्याचं बोट थेट वायरीवर गेलं. भुवया वर.

“सुधारणा आहे ती,” मॅनेजर फोनजवळ तोंड नेऊन म्हणाले. “उत्पादन वाढवण्यासाठी.”

फोनने ते सांगितलं. पाहुणा मॅनेजरकडे पाहीना. तो मिस्त्रींकडे पाहत राहिला. फिटरला फिटरची लबाडी लगेच कळते.

“अक्कांना बोलवा,” मिस्त्री म्हणाले.

“कोणाला? कशाला?” मॅनेजरांचा आवाज चढला. “चाचणी सुरू करा.”

मिस्त्री स्वतःच स्टोअरकडे चालत गेले. परत आले तेव्हा अक्का बरोबर होत्या. अपघातानंतर त्या थोरलीसमोर कधी आल्या नव्हत्या. लांबचा फेरा घेऊन जायच्या, पण ती वाट टाळायच्या. आता त्या सरळ यंत्रापाशी गेल्या, त्यांनी डावा हात उचलला आणि डाव्या बटणावर ठेवला. अंगठा आणि तळवा. बाकी काही नव्हतं.

पाहुण्याने फोन खिशात टाकला होता, तो पुन्हा काढला आणि एकच शब्द बोलला.

“कोणी?” फोन म्हणाला.

“मी,” मिस्त्री म्हणाले. “हुकमावरून. पण हात माझे.”

फोन ते तिकडच्या भाषेत सांगत असतानाच त्यांनी कटर घेतला आणि वायर दोन्ही टोकांना तोडली. तुकडा खाली पडला. डावं बटण त्यांनी दाबून सोडलं, पुन्हा दाबून सोडलं.

“मिस्त्री! शुद्धीवर आहात का?”

“पंधरा वर्षांनी आलोय, साहेब. आता करा चाचणी सुरू.”

तासाला सातशे नव्वद नग निघाले. अधिकाऱ्यांनी तोंडं वाकडी केली, पण आकडा लिहून घेतला. पाहुण्यासमोर दुसरं करणार काय? मग मॅनेजरांनी यंत्राचा दाखला पुढे केला. ‘यंत्र सुस्थितीत आहे’ असं छापलेलं, खाली सहीची जागा.

मिस्त्रींनी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला बसले. अक्षर त्यांचं पाचवी पास मुलासारखं, मोठं आणि गोल. थोरलीवर इतकी वर्षं वायर होती. ती मी जोडली. अपघाताच्या चौकशीपुरती काढली, पुन्हा जोडली. चौकशीतली माझी सही खोटी होती. दोष बाईंचा नव्हता. वायर आज मी तोडली आहे, पुन्हा कोणी जोडू नये.

मॅनेजरांनी ते उभ्या उभ्या वाचलं. मग आवाज उतरवून, जवळ येऊन म्हणाले, “वेडेपणा करू नका. हे बाहेर गेलं तर तुमचा एक पैसा सुटणार नाही. वर खोट्या सहीबद्दल तुमच्यावरच केस होईल.”

“व्हायलाच पाहिजे, साहेब. मी हजर राहीन.” मिस्त्रींनी कागद पुढ्यात घेतला आणि खाली सही केली. “तिथे विचारतील, हुकूम कोणाचा होता. तेव्हाही मी खरंच सांगणार. आधीच्या साहेबांचा तोंडी होता. आणि तुमचा कालचा.”

पाहुण्याने कागदावर फोन धरून त्यातला मजकूर त्याच्या भाषेत वाचला. सावकाश, दोनदा. मग त्याने मिस्त्रींच्या हातातून पेन घेतलं आणि त्यांच्या सहीखाली आपल्या लिपीत सही केली. कोणी त्याला सांगितलं नव्हतं. त्याचीही नोकरी होती, त्याच्याही वर साहेब होते. वहीत त्याने पेटीचं चित्र काढलं, वायर होती त्या जागी फुली मारली आणि खाली दोन जाड रेघा ओढल्या. मिस्त्रींनी कागदाची घडी घालून ती अक्कांच्या हातात दिली.

कारखाना काही वाचला नाही. लोक फाटकाशी अकरा दिवस बसले. मिस्त्री पहिल्या दिवसापासून बसले, पुढच्याच रांगेत. दुसऱ्या दिवशी कोणीतरी म्हणालंच, “मागचं दार बंद आहे वाटतं आज!” सगळे हसले, मिस्त्रीही हसले. नोटिशीत होतं त्यापेक्षा थोडं जास्त पदरात पडलं, आणि बाराव्या दिवशी यंत्रं कंटेनरमधून निघून गेली. मिस्त्रींचं सगळं येणं कंपनीने अडकवून ठेवलं. बायकोने दोन घरी स्वयंपाकाची कामं धरली. मिस्त्री सायकली आणि पाण्याचे पंप दुरुस्त करू लागले.

चार महिन्यांनी पाहुण्याकडून एक फोटो आला. नव्या शेडमध्ये थोरली उभी, समोर एक बाई, तिचे दोन्ही हात दोन बटणांवर. मिस्त्रींनी तो अक्कांना नेऊन दाखवला. पुढे पाहुण्याचा नंबर लागेनासा झाला. त्याला काढलं, की त्यानेच फोन बदलला, कळायला मार्ग नव्हता.

अक्कांचं प्रकरण कामगार न्यायालयात पुन्हा उघडलं, ते मिस्त्रींच्या कागदावर. पहिल्या तारखेला दोघं सकाळीच जाऊन बाकावर बसले. कारकुनाने फाइल चाळत मिस्त्रींकडे पाहिलं.

“तुम्ही कंपनीचे साक्षीदार ना? जुन्या कागदात तसंच आहे.”

“तेव्हा होतो. आज अक्कांकडून.”

कारकुनाने खांदे उडवले, काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. मग त्याची नजर अक्कांच्या साडीवर, हातावर गेली, आणि त्याने शाईची गादी पुढे सरकवली. “बाई, अंगठा करा इथे.”

अक्कांनी गादी परत त्याच्याकडे सरकवली आणि टेबलावरचं पेन उचललं. पंख्याच्या वाऱ्याने कागद उडत होता. मिस्त्रींनी तो धरायला हात पुढे केला, आणि मध्येच मागे घेतला. अक्कांनी डावा तळवा कागदावर दाबून ठेवला आणि लिहू लागल्या.

“आटपा बाई, मागे रांग आहे,” कारकून म्हणाला.

अक्कांनी आटपलं नाही. स्वतःचं नाव, मग वडिलांचं, मग आडनाव, एकेक अक्षर सुटं आणि पूर्ण.