तेल घातलं होतं

मी ध्वजस्तंभाच्या टोकावरची कप्पी. तुम्ही मला पाहिलेलं नसणार. झेंडा वर जातो तेव्हा माना वर होतात खऱ्या, पण सगळ्यांचे डोळे झेंड्यावर. ज्या चाकावरून दोरी सरकते त्याच्याकडे कोण बघतो? याची मला फार खंत होती, आणि त्या खंतीनंच पुढं घात केला.

आधीच कबूल करून टाकते. माझ्यापायी एका भल्या माणसाचा स्वतःवरचा विश्वास उडाला. मला एक वाक्य बोलता आलं असतं तर तो वाचला असता. कप्पीला कुठं तोंड असतं, अशी समजूत मी स्वतःची रोज घालते, पण मन काही ऐकत नाही.

माझा जन्म लेथ मशीनच्या एका छोट्याशा कारखान्यातला. दोन जाड पत्रे, मध्ये खाच पाडलेलं चाक आणि आरपार एक खीळ, एवढाच माझा जीव. माझ्याबरोबरच्या बहिणी कुणी विहिरीवर गेल्या, कुणी बांधकामावर वाळूच्या बादल्या ओढायला. मी पालिकेच्या मैदानावर आले, ती थेट खांबाच्या टोकावर. वर्षातून दोन-तीन दिवस काम आणि बाकीचे दिवस वारा खायचा. बहिणींना कळलं असतं तर जळून खाक झाल्या असत्या.

तिथं मला भेटले कवायतकाका. पालिकेत ते साधे कारकून, पण स्वातंत्र्यदिनाचं संचलन म्हणजे काका, असं गावात समीकरणच होतं. एकतीस वर्षं त्यांनी ते एकहाती उभं केलं. मैदानावर चुन्याच्या फक्कीचे पट्टे कुठून कुठवर ओढायचे, पोस्टाच्या कोपऱ्यापासून मंचापर्यंत किती पावलं, कुठल्या शाळेचं पथक कुणाच्या मागं, अग्निशमन दलाची गाडी किती हळू चालवली म्हणजे पुढच्या मुलांच्या टाचांवर चढत नाही, सगळं त्यांना तोंडपाठ. बावीस पथकं, पण हातात चिठोरं नाही. दोन शाळांच्या बाई दरवर्षी पहिल्या नंबरासाठी भांडायच्या. काका शांतपणे म्हणायचे, "बाई, गेल्या साली तुम्ही पुढं होता. त्याच्या आदल्या साली या दुसऱ्या बाई. आता मोजा तुम्हीच." आणि बाई आपापल्या पथकाकडे वळायच्या. लोक म्हणत, काकांना वही कशाला, त्यांचं डोकंच वही आहे. काकांना हे ऐकायला आवडायचं. सगळ्या जन्मात त्यांनी मिरवलं असेल तर एवढंच.

समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी खांब बुडातल्या बिजागरीवर आडवा केला जायचा. काका माझ्याशी येऊन बसायचे, फडक्यानं मला पुसायचे, खिळीपाशी तेल सोडायचे आणि चाक बोटानं फिरवून कान लावायचे. मग दोरीला ओलं पोतं बांधून खांब उभा करायचा आणि ते तीनदा वर-खाली करून बघायचं. "पोतं गेलं म्हणजे झेंडा जातोय," असं म्हणून ते पुढच्या कामाला लागायचे. समारंभात दोरी ओढायला कुणीतरी मोठा माणूस यायचा. काका त्याच्या हातात दोरी देऊन तीन पावलं मागं सरायचे. एकतीस वर्षांत समारंभात ती दोरी त्यांनी कधी स्वतः ओढली नव्हती.

निवृत्तीला महिना राहिला तेव्हा पालिकेचे साहेब म्हणाले, "काका, यंदा पाहुणा नको. यंदा झेंडा तुम्ही फडकवायचा."

काका म्हणाले, "छे छे, मी कसला." पण घरी जाताना ते खांबापाशी थांबले आणि कुणी बघत नाही ना हे पाहून त्यांनी दोरी हातात धरून बघितली. मी वरून सगळं बघत होते. मला भरून आलं.

त्या साली खांबाला रंग द्यायचं काम काकांच्या जावयाला मिळालं. जावई रंगारी, हाताचा चांगला, काकांच्याच घरात वरच्या मजल्यावर बायको-मुलीसह राहणारा. आदल्या दिवशी सकाळी काकांनी मला नेहमीसारखं तेल घातलं, पोतं वर-खाली केलं, खांब पुन्हा आडवा केला आणि जावयाला बजावलं, "जावईबापू, खांब रंगवा, कप्पीला हात लावू नका."

"नाही लावत, बाबा."

दुपारपर्यंत खांब चंदेरी झाला. डब्याच्या तळाशी थोडा रंग उरला. जावयानं माझ्याकडे पाहिलं. मी काळीकुट्ट, तेलकट, त्या लखलखत्या खांबाच्या टोकाला. तो स्वतःशीच म्हणाला, "उद्या बाबांचा दिवस. हीच तेवढी काळी कशाला?" त्यानं दोरी काढली आणि मला आतून-बाहेरून रंगवलं. प्रेमानं केलं हो त्यानं, वाकडा हेतू काडीचाही नव्हता.

आणि मी? मला चांगलं ठाऊक होतं की रंग माझ्या फटीत उतरतोय, खिळीशी साचतोय. उद्या तो वाळला की माझं चाक धरणार, हेही कळत होतं. पण जन्मात पहिल्यांदा कुणी मला नटवत होतं. मी मेली हुरळले. उद्या उन्हात चमकले की लोक विचारतील, ती वरती काय आहे हो? एवढ्याच विचारात मी ती दुपार घालवली. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, तशी माझी गत झाली.

संध्याकाळी जावयानं दोरी अलगद ओवली आणि खांब उभा झाला. काका शेवटचं बघायला आले, तर तो म्हणाला, "ओढू नका बाबा, रंग ओला आहे." काकांनी हात मागं घेतला. इतक्या खालून मी काळी की चंदेरी, ते त्यांना दिसत नव्हतं. सकाळी पोतं गेलं होतंच की.

दुसऱ्या दिवशी मैदान भरलं होतं. बावीस पथकं जागच्या जागी. दुसऱ्या रांगेत काकांची मुलगी, शेजारी सात वर्षांची नात, आणि कडेला उभा जावई. इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले काका पुढं आले. बँड सुरू झाला. त्यांनी दोरी ओढली.

झेंडा निम्म्यावर आला आणि थांबला. माझं चाक फिरेना. दोरी त्यावरून घसरली आणि चाक नि पत्रा यांच्या फटीत रुतली. काकांनी हिसका दिला, सैल सोडली, पुन्हा ओढली. मी जिवाच्या आकांतानं प्रयत्न केला, पण वाळलेला रंग सोडेना. राष्ट्रगीत संपलं. बँडवाल्यांना काय करावं कळेना, त्यांनी ते पुन्हा पहिल्यापासून धरलं. झेंडा अर्ध्यावर, कुणीतरी मोठं माणूस गेल्यासारखा. मागच्या रांगेत कुजबुज झाली, मग कुणीतरी हसलं. काकांच्या तळहातांना दोरीनं सोलून काढलं होतं. शेवटी अग्निशमन दलाची शिडी लावून एका जवानानं झेंडा हातानं वर नेला. तोवर काका तीन पावलं मागं सरून उभे होते.

साहेब वाईट माणूस नव्हेत. त्यांनी काकांच्या पाठीवर हात ठेवला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "तेल घालायला विसरलात वाटतं. असू द्या काका, वयाप्रमाणं होतं असं."

"घातलं होतं, साहेब," काका म्हणाले.

"असू द्या, असू द्या."

मैदान रिकामं झाल्यावर मला उतरवायचं काम जावयाकडेच आलं. मला हातात घेताच त्याला सगळं समजलं. तो मला घेऊन मैदानाच्या कडेला असलेल्या सामानाच्या कोठीमागं गेला. रंग खरवडायच्या पत्रीनं त्यानं माझ्या अंगावरचा कण न् कण खरवडला, फटीफटीतून टोक फिरवलं आणि रॉकेलच्या बोळ्यानं मला लख्ख पुसलं. रंग गेला, आणि रंगाबरोबर काकांनी घातलेलं तेलही गेलं.

काका मागं येऊन उभे राहिले. "काय झालं होतं हो?"

जावयानं मान वर केली नाही. "कोरडी होती, बाबा."

काकांनी बोट माझ्या खिळीपाशी फिरवलं आणि ते बोट उन्हात धरून बघितलं. त्याला तेलाचा मागमूस नव्हता. "घातलं होतं मी," असं ते पुन्हा म्हणाले, पण या वेळी ते विचारल्यासारखं होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ना, ती मी डोळ्यांदेखत पाहिली. त्यातला एक चोर तर मीच.

खांबावर नवी कप्पी बसली. जुनी म्हणून मला काका घरी घेऊन आले आणि आपल्या खोलीतल्या खिडकीत ठेवलं. का ठेवलं ते मला अजून कळलेलं नाही. शिक्षा म्हणून असेल, तर ती मला की त्यांना?

मग त्यांनी वही आणली. ज्या माणसानं एकतीस वर्षांत चिठोरं धरलं नाही, तो लिहू लागला. दाराला कुलूप लावलं. गॅस बंद केला. गोळी घेतली. लिहून झालं तरी उठून कुलूप ओढून बघायचे. आधी एकदा, मग दोनदा. काकांची मुलगी हसून म्हणायची, "बाबा, आज झेंड्याला तेल घातलंत ना?" थट्टाच ती, मनात काही नसायचं. सगळ्यांबरोबर जावईही हसायचा आणि मग जेवण अर्धवट टाकून उठायचा.

नातीला शाळेत सोडायचं काम काकांचं. जाताना दोघं ताल धरून चालायची, डावा, उजवा, डावा, उजवा, आणि कोपऱ्यावर ती मोठ्यानं "थांब" म्हणायची. काकांच्या दिवसाला आता तेवढाच अर्थ उरला होता. एका सकाळी तिला सोडून ते निम्म्या वाटेवर आले आणि त्यांच्या मनात आलं, आपण खरंच सोडलं ना तिला? ते धावत परत गेले, वर्गात डोकावले, ती दिसली म्हणून निघाले. कोपऱ्यावरून पुन्हा मागं फिरले. तिसऱ्या वेळी शाळेच्या बाईंनी काकांच्या मुलीला फोन केला.

संध्याकाळी मुलगी त्यांच्या खोलीत आली. थट्टेचा सूर नव्हता. "बाबा, उद्यापासून हिला मीच सोडत जाईन."

"बरं," काका म्हणाले. त्यांनी वही उघडली आणि ते वाक्य लिहून ठेवलं.

दारात उभ्या जावयानं हे पाहिलं. आठ दिवस त्याला अन्न गोड लागलं नाही. मग एका दुपारी तो येऊन काकांच्या पलंगाशी जमिनीवरच बसला.

"बाबा, तुम्ही तेल घातलं होतं. मी कप्पी रंगवली. तुम्ही नको म्हणालात तरी रंगवली. रंगानं चाक धरलं. नंतर घाबरलो आणि सगळं खरवडून टाकलं. माफ करा मला."

मला वाटलं, सुटले आपण. सगळेच सुटलो.

काकांनी मला खिडकीतून उचललं, चष्मा लावला आणि उजेडात उलटसुलट करून पाहिलं. "कुठाय रंग?"

"काढला ना मी."

"इतका? फटीतलासुद्धा?" ते हसले, आणि त्यांनी जावयाच्या खांद्यावर हात ठेवला. "जावईबापू, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून एवढा आळ स्वतःवर घेताय. मन मोठं आहे तुमचं. पण माझं बोट कोरडं होतं हो. मी स्वतः बघितलंय."

"बाबा, शपथ घेतो."

"नका घेऊ. शपथा खोट्या घेऊ नयेत."

मुलगी दारापाशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. नवऱ्याकडे तिनं कसं पाहिलं ते सांगवत नाही. मग ती वडिलांजवळ येऊन बसली. "बाबा, हे खरं बोलतायत. चुकलो आम्ही. उद्यापासून हिला तुम्हीच सोडा शाळेत."

काका लगेच म्हणाले, "नको गं बाई. मी तिला विसरून येईन कुठंतरी."

या गोष्टीला आता सात महिने झाले. जावयानं साहेबांना जाऊन सांगितलं, साहेब घरी येऊन गेले. काकांनी त्यांनाही चहा पाजला आणि म्हणाले, जावई फार चांगला मिळाला मला. नात अजून दाराशी येऊन "आजोबा, चला ना" म्हणते. काका तिला खिडकीतून टाटा करतात, वहीत लिहितात आणि कुलूप ओढून बघायला उठतात.

म्हणून तुम्हाला विनवते. माझ्या दोन पत्र्यांमधून जी खीळ गेली आहे ती जन्मल्यापासून कुणी काढलेली नाही. त्या दिवशी रंग पातळ होता, तो तिच्या मागंपर्यंत झिरपला होता. तिथवर पत्रीचं टोक पोचत नाही, रॉकेलचा बोळा पोचत नाही. मला तो अजून टोचतो आहे. हे जावयाला सुचत नाही आणि मला सांगता येत नाही. तुमच्यापैकी कुणी त्या घरी गेलात तर मला खिडकीतून उचला, काकांना समोर बसवा आणि हातोडीनं माझी खीळ ठोकून बाहेर काढा. माझे पत्रे वाकतील, चाक निखळून पडेल, मी पुन्हा कप्पी म्हणून उरणार नाही. खुशाल ठोका. फक्त आतला चंदेरी रंग त्यांच्या बोटाला लागेल, एवढं बघा.