उभ्या माणसाचा नाग

रविवारी पहिल्या एस.टी.तून जळगाव जामोदला जेवढी माणसं उतरत, त्यांतली निम्मी बाजाराकडे न वळता डोंगराच्या वाटेला लागत. सगळे पुरुष, माना खाली, पाय अनवाणी, प्रत्येकासोबत एक वडीलधारा. मागून घरच्या बाया. कुठं चालले, हे कोणी कोणाला विचारत नसे, कारण सगळ्यांचं दुखणं एकच होतं आणि ते धोतराआड होतं.

तिकडे वारूळबाबा बसायचा. त्याचं म्हणणं असं, की ज्याच्या वाडवडिलांनी नाग मारला, त्याच्या वंशातल्या पुरुषाच्या अंडात नाग वेटोळं घालून बसतो आणि घराण्याचा वेल खुंटवतो. बहुतेक डावीकडे, कारण नागाला डावं अंग आवडतं. नागानं हे बाबाला कधी सांगितलं, ते कोणी विचारलं नाही.

आधी वारुळाला एकवीस फेऱ्या, भर उन्हात. मग वडीलधाऱ्यानं पडद्याआड जाऊन हातानं चाचपायचं. गांडुळांची जुडी धरल्यासारखं लागे. तो घामाघूम होऊन बाहेर सांगे, "हाय." मग रोग्याला उतारावर निजवायचं, डोकं खाली, पाय वारुळाकडे. बाबा पुंगी वाजवी आणि मध्येच नागाची मनधरणी करी, "चाल बाप्पा, पोराचं घर खाली कर, तुह्यं घर तुले बलावते." मग पुन्हा चाचपायचं.

"गेला."

आणि तो खरंच गेलेला असे. पंचाईत हीच होती. चाचपणारा खोटं बोलत नव्हता.

साल चौसष्ट. मी तेव्हा सरकारी दवाखान्यात आया होते. आमच्या शेजारी निवृत्ती राहायचा, एस.टी.त कंडक्टर. दिवसभर गाडीत उभा, आणि संध्याकाळी डाव्या बाजूला असा ठणका की जेवायलाही नीट बसवत नसे. लग्नाला सहा वर्षं झाली, मूल नाही. त्याचा काका भगवंतराव त्याला तीनदा बाबाकडे घेऊन गेला. तिन्ही वेळा नाग गेला आणि घरी पोचेपर्यंत परत आला.

तिसऱ्या वेळी बाबा म्हणाला, नाग आपल्या मनानं येत नाही, घरातलं कोणीतरी त्याला बोलावतं. घरात उरलं कोण, तर निवृत्तीची बायको रुख्मिणी. भगवंतरावानं पिंपळगाव राजाला दुसरी मुलगी पाहूनही ठेवली. येत्या रविवारी शेवटचा विधी. नाग परत आला, तर रुख्मिणीची रवानगी माहेरी.

ती माझ्या दारात येऊन उभी राहिली. बस म्हटलं तरी बसेना.

"काकू, मी नाई बलावलं त्याले. मले त् नागाचं चित्र पाह्यलं तरी भेव वाटते."

मी निवृत्तीला बुधवारी दवाखान्यात ओढूनच नेलं. डॉक्टरांनी त्याला आधी उभं करून तपासलं, मग निजवून. म्हणाले, नाग नाही, शिरा फुगल्यात. तिथून रक्त वर चढायला हवं, ते मागं उतरून साचतं. याला व्हेरिकोसील म्हणतात. शंभरातल्या दहा-पंधरा पुरुषांना असतं, काहींना त्रास होतो, बहुतेकांना पत्ताही नसतो. मूल न होण्याचं हे एक कारण असू शकतं, नक्की सांगता येत नाही. बुलढाण्याला ऑपरेशन होतं.

निवृत्तीनं हळूच विचारलं, बिल मिळेल का. नोकरीवरून औषधपाण्याचे पैसे मिळायचे, पण बिलावर रोगाचं नाव आणि सरकारी यादीतला त्याचा नंबर लागे. नंबर नसेल तर बिल आल्या पावली परत. हे काम कंपाउंडर कय्यूमभाईंचं. त्यांचे हात मलमात होते, म्हणून त्यांनी रोगांच्या यादीचं जाडजूड पुस्तक मला उघडायला लावलं. बाटल्यांच्या चिठ्ठ्यांवरून मी इंग्रजी अक्षरं लावायला शिकले होते. बोट ठेवत ठेवत गेले. चारशे साठ नंबराच्या आसपास व्हेरिकोसील सापडलं.

बोट तिथंच अडकलं, कारण दोन ओळी वर मीच होते. पायाच्या फुगलेल्या शिरा. मधल्या ओळीत मूळव्याध.

"हे सगळे शेजारी कसे हो?" मी विचारलं.

"एकाच खानदानाचे हायेत, मावशी. शिरा फुगल्या. तुमच्या पायात, याच्या तिथं. रोग जिथला, नंबर तिथला."

"मंग नागाच्या शापाचा नंबर कोणता?"

कय्यूमभाईंनी मलमातून मान वर केली. "त्याचा नंबर नाई. या पुस्तकात शोधलं त् बाबाचंच बिल वापस येईन."

माझ्या पोटऱ्यांवर वीस वर्षांच्या उभ्या कामानं निळ्या गाठी आल्या होत्या. रात्री भिंतीला पाय लावून निजले की त्या कुठं जातात, हे मी रोज बघत होते आणि कधीच बघितलं नव्हतं. रविवार उजाडेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नव्हता. भाजी दोनदा करपली.

रविवारी निवृत्तीच्या मागोमाग मीही वारुळाला एकवीस फेऱ्या मारल्या. मग बाबासमोर लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं. बायांनी तोंडाला पदर लावले.

"बाबा, मलेही नाग हाय. दोन्ही पायाले."

निळी वेटोळी टरारली होती. बाबानं पुंगी उचलली. मी म्हटलं, तुम्ही दम खा. उतारावर निजले, पाय वर केले. दहा-पंधरा श्वास झाले असतील. रुख्मिणीच पहिली वाकली. तिनं माझ्या पोटरीवरून हात फिरवला.

"गेला वं," ती म्हणाली. पुंगी बाबाच्या मांडीवर तशीच, न वाजलेली.

मी उठून उभी राहिले. बघता बघता गाठी परत भरल्या.

"आता कोणं बलावलं याले? मह्या घरात त् मांजरबी नाई."

बाबा म्हणाला, बाईचा नाग वेगळ्या कुळाचा. मागून कोणी बाई बोलली, कुळं वेगळी, मग दोघा नागांचं लगीन लावून द्या. हसू पसरत गेलं. भगवंतराव मात्र हसला नाही. तो निवृत्तीला घेऊन पडद्याआड गेला, त्याला निजवलं, उठवलं, पुन्हा निजवलं. बराच वेळ लागला. बाहेर आला तेव्हा त्यानं बाबासमोर हात जोडले.

"महाराज, तीन बकरे देले तुम्हाले. आता एक काम करा. पोरगा उभा हाय. उभ्याचा नाग काढा."

बाबानं पुंगी उलटीपालटी करून पाहिली. म्हणाला, भोपळा तडकलाय. दुरुस्तीला म्हणून तो डोंगराच्या पलीकडे गेला, तो आला नाही.

ऑपरेशन झालं, बिलही नंबरासकट पास झालं. मूल झालं का, हे तुम्ही विचारणारच. तेव्हा सगळ्यांनी तेच विचारलं. डॉक्टरांनी तसा शब्द दिला नव्हता, मीही देत नाही. ठणका गेला आणि रुख्मिणी आपल्या घरात राहिली, एवढं मला ठाऊक आहे. भगवंतराव पिंपळगावला नाही म्हणून सांगायला स्वतः गेला.

माझं तुम्हाला सांगणं इतकंच. दुखणं लाजेचं असलं तरी डॉक्टरला दाखवा. आणि कोणी तुम्हाला निजवून चमत्कार दाखवला, तर लगेच हात जोडू नका. आधी उठून उभे राहा, आणि पुन्हा एकदा चाचपून बघा.