निळ्या जाळीच्या बाहेर

सूर्यभान वानखडे यांना झटका आला तो अकोल्याच्या एका जिनिंगच्या आवारात, उभ्या उभ्या. एकोणतीस वर्षं ते तिथे कापसाची प्रत ठरवायचं काम करत होते. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, आतला पुंजका काढायचा, दोन्ही अंगठ्यांमध्ये धरून धागा ताणायचा आणि काय ते सांगून टाकायचं. रोज सकाळी अमरावतीहून निघायचं, संध्याकाळी परत. त्या हिवाळ्यात भाव पडलेले होते. लोकांनी कापूस विकायचा सोडून घरातच भरून ठेवला होता, आणि आवारात दिवसभरात चार गाड्या आल्या तरी गर्दी झाल्यासारखं वाटायचं. अशाच एका रिकाम्या सकाळी ते लिंबाच्या झाडाखाली गप्पा मारत उभे असताना छातीवर कोणी दाबलेल्या कापसाची गठाण ठेवावी तसं झालं.

ना ते धावले होते, ना काही उचललं होतं. हीच गोष्ट त्यांना पुढे खात राहिली. काही न करता झटका आला, तर काही केल्यावर काय होईल?

डॉक्टरांनी एक स्टेंट टाकून सहाव्या दिवशी घरी सोडलं. "आता रोज चालायचं," ते म्हणाले. "हृदय हा स्नायू आहे. वापरला नाही तर आणखी दुबळा होईल."

सूर्यभानजी एकदाच चालायला गेले. राजापेठेतल्या त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत, म्हणजे जेमतेम दोनशे पावलं. तिथे शिकवणीच्या पोरांच्या गाड्या अंगावरून गेल्यासारख्या गेल्या, आणि छातीत धडधड सुरू झाली. ते मेडिकलच्या पायरीवर बसले, उजव्या मनगटावर डाव्या हाताची बोटं ठेवून. दोनशे पावलांसाठी ऑटो करून घरी आले. त्यानंतर ते घराबाहेर पडले नाहीत. जिना तर त्यांनी पार सोडूनच दिला. घर पहिल्या मजल्यावर, खालच्या मजल्यावर भाड्याने दिलेले शिकवणीचे वर्ग, वर अर्धवट राहिलेली गच्ची. त्यांचं जग दोन खोल्या आणि स्वयंपाकघर एवढंच उरलं. तिथेही ते भिंतीच्या कडेकडेने चालायचे, पडलो तर धरायला काही असावं म्हणून.

"अवो, असे बसून बसून मरसान तुमी," पार्वताबाई म्हणायच्या.

"उठलो का मरीन, म्हणून तं बसतो ना वं."

त्यांची मुलगी आरती अकोल्यात फिजिओथेरपीचं काम करायची. बापाचा हा प्रकार पाहून एका रविवारी ती एक डबा घेऊन आली. आत काळा, जाडजूड चष्म्यासारखा हेडसेट होता, आणि दोन्ही हातांत धरायच्या दोन मुठी.

"बाबा, बाहेर जायचं भेव वाटते ना? मग नका जाऊ. हे लावा. घरातच व्यायाम होते."

तिने आधी खोलीत फिरून, मूठ हलवत जमिनीवर एक चौकोन आखला. एवढ्या जागेच्या आत राहायचं, तिने समजावलं. कडेजवळ गेलात की डोळ्यांसमोर निळी जाळी उभी राहते. जाळी दिसली की मागे फिरायचं. जाळी दिसत नाही तोवर काही भीती नाही. फक्त हे उन्हात न्यायचं नाही, तिने बजावलं.

पहिल्यांदा हेडसेट लावला तेव्हा सूर्यभानजी ओरडलेच. खोली गेली, आरती गेली, स्वतःचे पाय गेले. समोर मोठं तळं, पलीकडे डोंगर, आणि तळ्यावरून एक लाल गोळा थेट त्यांच्याकडे येत होता. ते मटकन खाली बसले. गोळा डोक्यावरून निघून गेला.

"मारा त्याले, बाबा! मुठीनं मारा!"

दुसरा गोळा त्यांनी बसल्या बसल्या मारला. तो फुटला आणि काचेचा पाऊस पडावा तसा आवाज झाला. तिसऱ्या वेळी ते उभे राहिले. चार मिनिटांनी त्यांनी हेडसेट काढला तेव्हा बनियान भिजलं होतं आणि नाडी एकशे दहा होती. त्यांचा चेहरा पांढरा पडला. आरतीने मनगट धरलं, दहा मिनिटं बोलत राहिली. नाडी हळूहळू उतरली. काहीच झालं नाही.

पण भीती गेली नाही. ते रोज चार मिनिटं खेळायचे, कधी सहा, आणि मग अर्धा तास आरामखुर्चीत बसून, आता होईल, आता होईल, याची वाट पाहायचे.

गोडी लागली ती पार्वताबाईंना. त्यांची साखर पाच वर्षांपासून वाढलेली होती, गुडघे धरलेले होते. नवऱ्याचं झालं की त्या साडीचा पदर खोचून उभ्या राहायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी लोखंडी कपाटावर मूठ आपटली आणि बोटांची सालपटं निघाली. दुसऱ्या आठवड्यात त्या वीस मिनिटं खेळू लागल्या. गोळे फोडायच्या, खाली वाकायच्या, मागे सरकायच्या, आणि जोरात हसायच्या. एवढं हसताना सूर्यभानजींनी त्यांना लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

"खोली पुरत नाही वो मले," त्या म्हणायच्या. "हात मोकळे होत नाहीत."

जानेवारीतली एक दुपार. जेवण करून, गोळ्या घेऊन सूर्यभानजी झोपले. जाग आली तेव्हा पाच वाजत आले होते. घरात कोणी नव्हतं. खालच्या वर्गातून पोरं एका सुरात पाढ्यांसारखं काहीतरी म्हणत होती. टेबलावर हेडसेटचा डबा उघडा होता आणि रिकामा होता.

तेवढ्यात डोक्यावर आवाज आला. धप. धप धप.

गच्चीवर गेली वाटते, त्यांच्या मनात आलं, आणि ते पडल्या पडल्या हसले. छतातून तिची पावलं स्पष्ट ऐकू येत होती. स्वयंपाकघराच्या वर. एक पाऊल पुढे, दोन मागे. मग बैठकीच्या वर. पुन्हा दोन मागे.

मग पावलं त्यांच्या खाटेच्या बरोबर वर आली, आणि सूर्यभानजींचं हसू जागच्या जागी थांबलं.

ही खोली घराच्या मागच्या बाजूला होती. आणि मागच्या बाजूला गच्चीला कठडा नव्हता. वरचं बांधकाम सुरू केलं तेव्हा विटा ओढायला सोपं जावं म्हणून मिस्त्रीने तो पाडला होता. मग झटका आला, काम थांबलं, आणि कठडा पुन्हा बांधायचा राहूनच गेला. खाली बोअरचा पाइप होता आणि फरशीच्या तुकड्यांचा ढीग.

धप धप. एक पुढे. दोन मागे.

"पार्वता!" ते ओरडले. "पार्वता! थांब!"

खाली पोरांचा सूर आणखी चढला. त्यांनी मोबाइल उचलून तिला फोन लावला. फोन स्वयंपाकघरात, ओट्यावर वाजला. खिडकीतून त्यांनी गल्लीत हाक मारली. दोन गाड्या गेल्या. कोणी वर पाहिलं नाही. आणि पाहून तरी काय केलं असतं? खालून कोणी वर येईपर्यंत ती दहा पावलं मागे सरकली असती.

पावलं आता खाटेच्याही पलीकडे, खिडकीच्या दिशेने गेली होती.

अठरा पायऱ्या होत्या. पाचव्या पायरीवर त्यांनी सवयीने मनगट धरलं आणि सोडून दिलं. आठवीवर त्यांनी दोन्ही हातांनी वरची पायरी धरली आणि तसेच, हातपाय टेकत चढू लागले. छातीत हातोडा पडत होता. एवढ्या जोराने तो त्यांनी झटका आला त्या दिवशीही ऐकला नव्हता. आता फुटणार, त्यांना वाटलं. इथेच, जिन्यात. आणि ती वर एकटीच राहणार, मी खाली मेलो हेही न कळता. या विचाराची त्यांना जी भीती वाटली, ती मरणाच्या भीतीहून मोठी होती. ते चढत राहिले.

गच्चीच्या दारात पोहोचल्यावर त्यांना ती दिसली.

तिचं तोंड त्यांच्याकडे होतं. काळा हेडसेट, कानांवर त्याचाच आवाज, पदर कमरेला खोचलेला, पाय अनवाणी. दाराच्या बाजूने येणारं मावळतं ऊन थेट तिच्या तोंडावर. ती हसत होती. तिच्या मागे दोन पावलांवर गच्ची संपत होती आणि पुढे नुसती हवा होती.

ती खाली वाकली. उजवी मूठ फेकली. आणि मागे सरकली.

आता एकच पाऊल.

सूर्यभानजींनी हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. हाक ऐकून ती दचकली तर? हळूच हात लावला तर? दचकलेलं माणूस मागेच उडी मारतं. धरायचं तर एकदाच, घट्ट, सोडायचंच नाही असं. आणि ती समोरून मुठी फेकत होती.

ते पळाले. पळणं कसं असतं हे त्यांचं शरीर विसरलं होतं. वाळूवरून पाय सरकला, तोल गेला, सावरला. पार्वताबाईंची मूठ सुटली होती. ती त्यांच्या छातीवर, ऐन मधोमध, कडक प्लास्टिकसकट बसली. त्यांचा श्वास बंद झाला. तरी त्यांनी दोन्ही हात तिच्या कमरेभोवती टाकले आणि पूर्ण अंग आतल्या बाजूला झोकून दिलं.

दोघं सिमेंटवर आदळले. पार्वताबाई किंचाळल्या. त्यांना वाटलं कोणी चोर आहे. त्यांनी दोन्ही मुठींनी नवऱ्याच्या डोक्यावर, कानावर, पाठीवर धडाधड मारायला सुरुवात केली.

"मी आहो! पार्वता, मी आहो! मारू नको!"

हेडसेट कपाळावर सरकला. पार्वताबाईंनी आधी आभाळ पाहिलं, मग नवऱ्याचा चेहरा.

"तुमी? वर? काहून आले तुमी वर? जिना कसा चढले?" आणि त्या मान वळवायला लागल्या.

त्यांनी तिचं डोकं आपल्या खांद्याशी दाबून धरलं. "तिकडं पाहू नको. इकडं पाह्य, माह्याकडं पाह्य."

मग त्यांनी तिथेच पडून वाट पाहिली. छाती ठणकत होती. कळ डाव्या हातात उतरेल, जबड्यात चढेल, घाम फुटेल. घाम तर फुटलेलाच होता. गठाणीचं ओझं येईल. मिनिट गेलं, दोन गेली. फक्त मूठ बसली तिथे दुखत होतं, आणि श्वास लोहाराच्या भात्यासारखा आत-बाहेर होत होता.

"काय होऊन राहिलं तुमाले?" पार्वताबाई रडायला लागल्या. "बोला ना."

"भेव वाटून राहिलं मले," ते म्हणाले. "बाकी काही नाही."

जिना ते उतरले ते बसून, एक एक पायरी, एकमेकांचे हात धरून. खाली येऊन पार्वताबाईंनी दाराला कडी लावली, कोणी मागे येत असल्यासारखी.

आरती सकाळच्या गाडीने आली. तिने बापाला धरून डॉक्टरांकडे नेलं. कार्डिओग्राम आधीसारखाच निघाला. छातीवर मात्र हाताच्या तळव्याएवढा निळा-काळा डाग पडला होता. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा सूर्यभानजींनी खेळताना लागलं एवढंच सांगितलं. घरी आल्यावर आरतीने हेडसेट हातात घेऊन उलटसुलट पाहिला.

"मी सांगतलं होतं ना, उन्हात नेऊ नका म्हणून."

"म्या समजली काच खराब होते," पार्वताबाई म्हणाल्या. "म्हणून तं ऊन उतरल्यावर गेली. चौकोनबी आखला होता, तुह्यासारखाच."

"काचच नाही, आई. त्याच्यात कॅमेरे हायेत. त्याईनंच त्याले समजते का आपण कुठी उभे आहो. ऊन थेट आत गेलं का ते आंधळं होते. मग जाळी भलतीकडंच सरकते." तिने आईकडे पाहिलं. "तुले जाळी दिसलीच नसन."

"नाही दिसली," पार्वताबाई हळूच म्हणाल्या. "मले तं वाटलं, आज कित्ती मोठी जागा हाय."

आरती हेडसेट परत न्यायला निघाली होती. पार्वताबाईंनी तो तिच्या हातून घेतला आणि कपाटात ठेवून दिला. आरतीने वाद घातला नाही. मिस्त्रीला फोन करून कठड्याचं सांगितलं आणि दुपारच्या गाडीने ती गेली.

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी जेवताना पार्वताबाईंनी विचारलं, "किती दूर होती मी?"

"होती ना दूर," सूर्यभानजी ताटाकडे पाहत म्हणाले. "पाच-सहा पावलं. मीच घाबरलो उगीच."

"हाव का?"

"हाव."

तिसऱ्या दिवशी सकाळी ते आंघोळीला गेले तेव्हा पार्वताबाई एकट्या गच्चीवर गेल्या. मिस्त्री अजून आला नव्हता. वारा नव्हता, आणि सिमेंटवरच्या बारीक धुळीत सगळं जसंच्या तसं होतं. त्यांची अनवाणी पावलं गच्चीच्या मधून निघून, एक पुढे दोन मागे करत, मागच्या बाजूला गेलेली दिसत होती. शेजारच्या बाजूचा शाबूत कठडा धरून त्या ठशांच्या कडेने चालत गेल्या. शेवटचा ठसा अर्धाच होता. पायाची बोटं होती, चवडा होता. टाच जिथे असायला हवी होती, तिथे गच्ची नव्हती.

त्या खाली बसल्या आणि बसूनच मागे सरकल्या, दारापर्यंत.

खाली आल्या तेव्हा सूर्यभानजी केस पुसत उभे होते. "कुठी गेलती?" त्यांनी विचारलं.

"कुठीच नाही. चहा ठेवतो."

पण चहा ठेवायला त्या गेल्या नाहीत. खाटेवर बसल्या, आणि सूर्यभानजी बाजूला येऊन बसल्यावर त्यांनी नवऱ्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला. बराच वेळ तसाच राहू दिला.

"आता तुमी खेळसान तवा मी दारात बसून पाहीन," त्या म्हणाल्या. "अन् मी खेळीन तवा तुमी. डोळा नाही लागू द्यायचा."

"नाही लागू देत," सूर्यभानजी म्हणाले.