डावीकडचं जहाज

मी कापसाच्या जिनिंगमध्ये एका मशीनचा पट्टा बदलत होतो. आमचे मुनीम मधुकरराव ऑफिसातून बाहेर येऊन काहीतरी बोलले. बाकीच्या मशीन चालू होत्या. मी हातानंच 'काय?' असं विचारलं. त्यांनी जवळ येऊन माझा खांदा धरला आणि पुन्हा तेच बोलले. इतकी वर्षं त्या आवाजात काढून माझे कान गेलेले. मला ते त्यांच्या ओठांवरून कळलं. नागपूरहून फोन होता. माझी बायको प्रमिला गेली होती.

ती तिच्या धाकट्या भावाकडे, गजेंद्रकडे राहायला गेली होती. नात्यातल्या लग्नाच्या साड्या घ्यायच्या आहेत म्हणाली होती. सकाळी न्हाणीतून येताना पडली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ऑटोतच संपली. मी पोचलो तेव्हा तिला बैठकीत ठेवलं होतं. गजेंद्र माझ्या गळ्यात पडला आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं रडत म्हणाला, "भाऊजी, गाठ लय मोठी होती. डोक्यापर्यंत गेलती."

घाटावरून परत येताना ते वाक्य मनात अडकलं. प्रमिला डॉक्टरपर्यंत पोचलीच नव्हती. मग गाठ पाहिली कोणी?

आता खेळाबद्दल सांगायला हवं, कारण माझा संशय तिथंच पक्का झाला.

शहाण्णव साली आमच्या गावात, सेलूत, ओळखीच्या चंद्रभाननं कॉम्प्युटर क्लास काढला. त्याचा जनरेटर दुरुस्त करायला मी जायचो. फावल्या वेळात तो लढाऊ विमानाचा खेळ खेळायचा. पोरं खेळतात त्या खेळांत गोळ्या संपत नाहीत आणि मेलेला माणूस पुन्हा उठतो. या खेळात पेट्रोल संपलं की विमान खाली पडायचं. इंजिन तापलं की बंद पडायचं. मी फिटर माणूस. मला ते पटलं. काट्यांवर नजर ठेवून विमान उतरवायला मी शिकलो. पुढे रणगाड्याचा खेळ आला, तोही शिकलो.

चंद्रभान म्हणायचा, "रूपरावभाऊ, हे तं तुमच्या जिनिंगसारखंच झालं. सतरा बटनं दाबा, अन् भेटत काईच नाई."

क्लास बंद पडला तेव्हा त्याचा जुना कॉम्प्युटर मीच घेतला. मयुरी, आमची एकुलती मुलगी, लग्न होऊन कारंज्याला गेली आणि घर रिकामं झालं. त्याच सुमारास नागपूरहून पाणबुडीच्या खेळाची सीडी आणली. दुसऱ्या महायुद्धातली पाणबुडी. बंदरातून निघायचं, तासन् तास समुद्रात जायचं, आणि कित्येकदा काहीच घडायचं नाही. म्हणून तर तो मला खरा वाटायचा.

पण पाण्याखाली दिसत काही नाही. हेडफोन लावून जहाजाच्या पंख्याचा आवाज ऐकावा लागतो. ज्या कानात जास्त येईल त्या बाजूला जहाज. मला तर काहीच ऐकू येईना. प्रमिला चहा घेऊन आली, तेव्हा मी तो हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला.

"अहो, हे तं कोणी ताक घुसळून राह्यलं!"

"कोणत्या कानात जास्त?"

"डाव्या."

मी डावीकडे वळलो, वर येऊन दुर्बीण काढली. समोर मालवाहू जहाज. त्या दिवसापासून ऐकायचं काम तिचं. ताक म्हणजे मालवाहू आणि शिलाई मशीन म्हणजे लढाऊ जहाज, हे तिनंच ठरवलं. खेळात मदत चालू केली की जहाजं आपोआप नकाशावर दिसायची. मी ती मदत बंद ठेवायचो.

"चालू करा न ते," ती म्हणायची. "मले सुट्टी भेटन."

"मंग तुह्यं काम काय राह्यलं?"

"वा बाप्पा! पगार द्यायचा नाई अन् सुट्टीबी नाई."

दिवाळीनंतर तिला वेळ लागायला लागला. हेडफोन लावायची, काढायची, पुन्हा लावायची, मग सांगायची. मी विचारलं तर "कानातलं टोचते" म्हणाली. माझं लक्ष नकाशाकडे. जहाज मात्र ती सांगेल तिकडेच निघायचं.

हे सगळं मला तेरवीपर्यंतच्या दिवसांत आठवत गेलं. तिच्या कानाला काहीतरी झालं होतं, आणि ते कोणाला तरी माहीत होतं. तेरवीला मी गजेंद्रला आडोशाला घेतलं.

"गाठ होती हे तुले कोणी सांगतलं?"

"डॉक्टर म्हणे."

"कोणता डॉक्टर? कवा?"

"आता कायले विचारता, भाऊजी?"

"तू मले फसवलं," मी म्हटलं. "माह्या दारात पाय ठेवू नको."

तो जेवला नाही. चप्पल घालून निघून गेला.

मयुरी थांबली होती. मला तिचाही संशय होता. आईचं जाणं असं अचानक, तरी ती रडताना एकदाही "असं कसं झालं" म्हणाली नव्हती. जे आले ते सगळे हेच म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली तशी मी तिला कॉम्प्युटरसमोर बसवलं. संक्रांतीच्या आठवड्यात आम्ही पाणबुडीची फेरी जिथं थांबवली होती ती उघडली.

"इथं तुह्या आईनं डावीकडं जहाज सांगतलं होतं. खरंच आयकू येत होतं का अंदाजानं बोलली, मले पाहाचं आहे. तू आयक."

मयुरीनं हेडफोन लावला. ऐकलं. मग तो काढला, फिरवला आणि उलटा घातला. डावी बाजू उजव्या कानावर आली. पुन्हा डोळे मिटून ऐकलं.

"डावीकडंच आहे, बाबा."

"उलटा काऊन घातला?"

तिनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"आई कशी करे ते पाहून राह्यलती."

"तू तं इथं नव्हती. तुले कसं मालूम?"

ती माझ्याकडे तोंड करून, मला ओठ दिसतील अशी सावकाश बोलली.

"तिनंच सांगतलं, फोनवर. तिचा डावा कान गेलता, बाबा. एकाच कानानं ती दोन्ही बाजू आयके. आधी उजवी, मंग फिरवून डावी. सांगतानी हासे. म्हणे, तुह्या बाबाले अजून पत्ता नाई."

"अन् गजेंद्र?"

"मामानंच दवाखान्यात नेलतं. ऑपरेशन केलं तरी जीव वाचन का नाई, डॉक्टरले भरवसा नव्हता. ती म्हणे, जिनिंगचा सीझन होऊ द्या, मंग पाहू. साड्यायचं नाव करून या वेळीबी डॉक्टरकडंच गेलती."

"मले काऊन नाई सांगतलं?"

मयुरीचे ओठ थरथरत होते. मला नीट वाचता येईना. तिनं माझा हात धरून पुन्हा सांगितलं.

"म्हणे, त्यांचे कान मीच आहो. माहाच कान गेला म्हणून त्यांले कसं सांगू? आम्हां दोघांले शपथ घातलती तिनं."

समोर जहाज डावीकडून पुढं सरकत असणार. थोड्या वेळानं मयुरी म्हणाली, "तुम्ही चालवा बाबा, मी आयकतो." मी कॉम्प्युटर बंद केला.

ती कारंज्याला गेली त्याला आता महिना होत आला. जिनिंगचा सीझन संपला आहे, हाती वेळ आहे. गजेंद्रशी बोलायला हवं. फोनवरचं मला ऐकू येत नाही, आणि ऐकून सांगणारं घरात आता कोणी नाही. तेव्हा नागपूरला जावं लागेल, त्याच्यासमोर बसावं लागेल. अजून गेलेलो नाही.