तळपायातल्या पेशीने दाखवलेला तुकडा

मी सुशीलच्या डाव्या तळपायातली एक पेशी बोलतेय. बोलणं माझं आहे, पण लिहिणारा सुशीलच. आठवीत त्याची शाळा सुटली. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होतील आणि शब्दही साधेच येतील. त्याबद्दल आधीच माफी मागते.

माझा जन्म त्याच्या हाडातल्या मज्जेत झाला. रक्तातून वाहत मी तळपायाला आले आणि कातडीखाली राहिले. झाडाला फांद्या असाव्यात तसे मला पुष्कळ हात आहेत. डॉक्टर लोक मला डेंड्रायटिक पेशी म्हणतात. हात पसरून बसायचं आणि जवळ येईल ते चाचपून बघायचं, एवढंच माझं काम.

सुशील बावीस वर्षांचा आहे. शहराबाहेरच्या वाडी भागात एका गोदामात ट्रक उतरवतो. फार कमी बोलतो. चहात साखर टाकायची राहिली तरी तसाच पिऊन टाकतो.

त्या सोमवारी लाकडी पेटीचा खिळा त्याच्या चपलेतून आरपार आला, तो थेट माझ्या शेजारी. गोदामात अशा वेळची एक रीत आहे. खिळा लागलेल्या जागेवर चपलेने ठोकायचं आणि तंबाखूच्या डबीतला चुना भरायचा. सुशीलच्याच खोलीत राहणाऱ्या विश्वनाथभाऊंनी दोन्ही केलं, अगदी मायेने. जखमेचं तोंड बंद झालं. जंतू मात्र आत राहिले.

मी त्यातला एक गिळला. माझ्या पोटात आंबट रसाच्या पिशव्या आहेत, त्यांत त्याचे बारीक बारीक तुकडे झाले. एक तुकडा मी वाटीसारख्या साच्यात बसवला आणि अंगाबाहेर धरला. मग आपली जागा सोडली. अंगात रक्ताशिवाय पांढुरक्या पाण्याच्याही वाटा असतात. त्या वाटेने मी जांघेतल्या गाठीकडे निघाले. पोचायला एक दिवस लागला.

ती गाठ म्हणजे सकाळी कामासाठी मजूर जमतात तो ठिय्याच. तिथे टी पेशींची, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींची, दाटी असते. प्रत्येकीला फक्त एकाच आकाराचा तुकडा ओळखता येतो, दुसरा नाही. एकेक येई, माझ्या हातातला तुकडा चाचपे आणि पुढे जाई. अशा किती गेल्या, मोजल्या नाहीत. मग एक आली आणि थांबली.

पण नुसता तुकडा दाखवून भागत नाही. हा धोक्याचा आहे, असं दुसऱ्या हाताने सांगावंही लागतं. एरवी मी सुशीलच्याच मेलेल्या पेशींचे तुकडे दाखवते, तेव्हा हा दुसरा हात वर करत नाही. मग टी पेशी ओळखूनही गप्प राहतात, आणि तेच बरं असतं. या वेळी मी दोन्ही हात वर केले. त्या एकीच्या दोन झाल्या, दोघींच्या चार. गाठ सुजू लागली.

बुधवारी आंघोळ करताना ती सूज सुशीलच्या हाताला लागली. गावातला एक माणूस गाठीने गेला होता, तेवढंच त्याला आठवलं. आणि जागा अशी, की कुणाला सांगायची लाज. 

गुरुवारी विश्वनाथभाऊंनी त्याला हटकलंच. "काहून गा, नव्या नवरीवानी चालून राहिला?"

चप्पल चावते, असं सुशील म्हणाला.

"चप्पल चावते त रातभर कण्हतं काहून? अवधानाची गाठ आली असन जांघेत. सांजच्याले तेल लावून चोळून देतो, उतरते."

सुशीलने लाजून नको म्हटलं. तेवढी लाज कामी आली. सुजलेली गाठ चोळायची नसते.

दुपारी तो सरकारी दवाखान्याच्या दारापर्यंत गेला. आत टेबलाशी दीप्ती सिस्टर बसली होती, त्याच्याच वयाची. तो तिथूनच परत फिरला.

शुक्रवारी त्याला ताप भरला. घोट्यापासून वर एक लाल रेघ चढत होती. आमची फौज तयार व्हायला आठवडा लागतो, आणि जंतू तोवर थांबणार नव्हते. बाहेरून मदत हवी होती. ती मला मागता येत नाही.

सुशील, मी या गाठीत आले की परत जात नाही. आणखी दिवसभर असेन फार तर. माझ्या वाट्याचं मी दाखवलं. आता तू दाखव. पुढचं तूच लिही.

पुढचं मी, सुशील, लिहितो. दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर गेलो नाही, दवाखान्यात गेलो. विश्वनाथभाऊ सोबत आले आणि बाहेर बाकावर बसले. दीप्ती सिस्टरने चुना धुऊन काढला, तेव्हा आतून पू आला. डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या. सिस्टरने धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि विचारलं, "अजून कुठं काही?"

मी नाही म्हणणार होतो. चपलेत पायही घातला होता.

"जांघेत गाठ आली आहे," मी म्हणालो. "मले लय भेव वाटून राहिलं."

ती हसली नाही. डॉक्टरांना हाक मारली. ते येईपर्यंत तिने माझा केसपेपर उलटा केला आणि गाठ का सुजते ते समजावत पेनाने एक पुष्कळ हातांची पेशी काढली.