एकशे अठ्ठावीस

ती चष्म्याच्या दुकानात काचा घासायचं काम करायची. वय अडतीस. रोज सकाळी कालव्याकाठी धावायला लागून वर्ष झालं होतं, पण तिसऱ्या किलोमीटरला पोचेपर्यंत जीव घशाशी यायचा आणि उरलेला दिवस कामावर पेंगण्यात जायचा. दवाखान्यातल्या तक्त्यात तिच्या वयासमोर धावताना योग्य ठोके म्हणून मिनिटाला एकशे चाळीस लिहिले होते. मनगटावरचं घड्याळही तेवढेच दाखवायचं, तरी धाप लागायचीच.

सासूबाईंचा सारा जन्म टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांचे आवाज ऐकण्यात गेला होता. त्या म्हणाल्या, तक्ता राहू दे, मी सायकलवरून शेजारी येते, तू फक्त बोलत राहा. वाक्य तुटलं की समजायचं, वेग जास्त झाला.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, लहानपणी तू झोपायचीस कुठे? एकशे चाळीसला सुनेचं उत्तर तिसऱ्या शब्दावर तुटलं, एकशे पस्तीसला सहाव्या. मग ती इतकी सावकाश झाली की फिरायला आलेले एक आजोबा काठी टेकत पुढे निघून गेले. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण घड्याळात एकशे अठ्ठावीस दिसत असताना वाक्य अख्खं आलं.

"खिडकीखाली, आई. पडद्याची सावली अंगावरून सरकत राहायची, मला वाटायचं मी पाण्यात आहे."

"हा तुझा आकडा," सासूबाई म्हणाल्या.

आठवडे गेले. ठोके तेवढेच राहिले, पाय मात्र आपोआप लांब पडू लागले. आजोबा केव्हाच मागे पडले. धुक्यात काठ दिसेनासा व्हायचा, झाडं येऊन विरून जायची, आणि आपण धावतोय की कुणी आपल्याला अलगद वाहून नेतंय, हे तिला कळायचं नाही.

अशाच एका सकाळी सासूबाईंनी तिच्या वडिलांचं विचारलं. त्यांच्याबद्दल ती घरात कधी बोलली नव्हती. ती सांगत गेली. त्यांचं हसणं, त्यांचा ओला कोट, शेवटचं पत्र. तिसरा पूल आल्यावर तिच्या ध्यानात आलं, शेजारी सायकलचा आवाजच नाही. घड्याळात एकशे अठ्ठावीस.

ती मागे फिरली. बऱ्याच मागे, बाकावर सासूबाई बसल्या होत्या. सायकलची साखळी उतरलेली, हात काळे झालेले.

"कोटापर्यंत ऐकलं मी," त्या म्हणाल्या. "पुढचं सांग."

ती त्यांच्या शेजारी टेकली आणि पत्राचं सांगू लागली.